चाफ्याची वाळकी फांदी आणि तिसऱ्या मजल्यावरची टेरेस

पत्र:

ताई, आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. टू बीएचके आहे, पण हॉलला लागून चांगली ऐसपैस टेरेस आहे. सासरे गेल्यावर, दीड वर्षापूर्वी, सासूबाई देवरुखजवळचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. वय बहात्तर, तब्येत ठणठणीत. सुरुवातीला नुसत्या खिडकीशी बसून असायच्या, म्हणून मीच चार कुंड्या आणून दिल्या. आता टेरेसवर चाळीसेक कुंड्या, बादल्या, रंगाचे आणि तेलाचे डबे झालेत. पहाटे पाचला बादल्यांचा खडखडाट सुरू. मुलगी दहावीला, रात्री जागून अभ्यास करणारी. दिवसातून तीनदा पाइपने पाणी. सालींची एक बादली साठवलीय, तिच्यावर चिलटं. जास्वंदीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखं काहीतरी आलंय, मोगऱ्याला वर्षभरात फूल नाही. कपडे वाळत घालायला जागा नाही, पापड-कुरडयांचं तर विसराच. आता खालच्या काकांच्या बेडरूमच्या छताला ओल आलीय, ते दोनदा येऊन बोलून गेले. नवरा म्हणतो, "तुम्ही दोघी बघा."

गेल्या रविवारी माझा पारा चढला. सासूबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा मी फुटके डबे, वाळलेल्या काड्या, सगळं गोळा करून सोसायटीच्या पालापाचोळ्याच्या कोपऱ्यात टाकून आले. त्यात एक बोटभर जाडीची फांदी होती, नुसता सोट, ना पान ना फूल. तेव्हापासून त्या माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. वाढलं की जेवतात, ताट उचलून ठेवतात. नणंदेला मात्र फोनवर सगळं सांगतात. (ती फांदी गावच्या चाफ्याची होती, सासऱ्यांनी लावलेल्या, असं मागाहून कळलं.) एका वाळक्या काडीसाठी एवढं? टेरेस आमची आहे, हप्ते आम्ही भरतो. मी नेमकं काय करू?

— एक सून, पुणे

उत्तर:

बाकीचं नंतर वाचा. आधी चपला घाला आणि खाली जाऊन तो पालापाचोळ्याचा कोपरा उकरून या.

देवचाफा थंडीत पानं टाकतो. पौष-माघात त्याच्याकडे बघवत नाही. राखाडी, फुगीर, बोथट टोकांच्या फांद्या, त्यांच्यावर गळलेल्या पानांचे व्रण, बस्स. कोकणातल्या देवळांपुढचे मोठमोठे चाफेसुद्धा त्या दिवसांत असेच उघडेबोडके असतात. मग ऊन तापायला लागलं की टोकं फुगतात, आणि बऱ्याचदा पानांच्या आधी फुलंच येतात. तुम्ही जिला वाळकी काडी म्हणताय, ती या महिन्यात तशीच दिसायला हवी होती.

दुसरी गोष्ट, चाफ्याची फांदी मातीबाहेर बरेच दिवस तग धरते. लावण्याआधी ती मुद्दाम आठ-दहा दिवस सावलीत पडू देतात, म्हणजे कापलेल्या तोंडाचा चीक सुकतो, तिथे खपली धरते आणि मातीत गेल्यावर कुजायची भीती राहत नाही. त्यामुळे हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत दोन आठवडे उलटले असले तरी आशा सोडू नका. सापडली की दाबून बघा. टणक लागली आणि सालीवर नखाने जरासं ओरखडल्यावर आत हिरवं दिसलं, पांढरा चीक आला, तर ती जिवंत आहे. खालचा भाग मऊ पडला असेल, आतून तपकिरी निघत असेल, तर चीक दिसेपर्यंत तेवढा कापून टाकायचा. वर वीतभर उरली तरी पुरते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात साबणाने धुवा.

आणि सापडली म्हणून आनंदाच्या भरात स्वतःच कुंडीत खोचू नका. नेऊन सासूबाईंच्या हातात द्या. ती कुठे लावायची, कशात लावायची, हे त्या ठरवतील. एवढंच लक्षात असू द्या की मुळं धरून पानं फुटेपर्यंत चाफ्याला पाणी अगदी बेताचं लागतं. दिवसातून तीनदा पाइप मारला तर कुणी टाकून न देताही ती फांदी मरेल. हे त्यांना आज सांगू नका. महिन्याभराने, गप्पांच्या ओघात सांगा.

नाहीच सापडली तर? कोपरा साफ झाला असेल, गाडी येऊन गेली असेल. तरीही मूळ झाड गावाला उभं आहे ना? घर बंद असलं म्हणून चाफा कुठे जात नाही. नवी पानं फुटायच्या आत फांदी काढलेली उत्तम, म्हणजे आत्ताच. पाडव्याला जोडून सुट्टी मिळत असेल तर तुमच्या यजमानांनी आईला घेऊन गावी एक चक्कर मारावी. आईला घेऊन, असं म्हणतेय. एकट्याने जाऊन फांदी तोडून आणली तर ते कुरिअरचं काम झालं. घराची कौलं, विहीर, आंब्याचा मोहोर किती टिकलाय, हे सगळं त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतील. नर्सरीतून तयार चाफा आणून देऊ नका, भरपाई म्हणून तर मुळीच नको.

आता तुमच्या पत्राबद्दल. ओल, चिलटं, खडखडाट, कपड्यांची दोरी, सगळ्याचा तपशील आहे. आणि सासऱ्यांनी लावलेला चाफा कंसात आहे. तुम्ही मुद्दाम तसं केलं असेल असं मला वाटत नाही. पण घोडं पेंड खातंय ते त्या कंसात. दीड वर्षापूर्वी त्यांनी नवरा गमावला, पाठोपाठ घर गेलं, अंगण गेलं, हाक मारली तर ओ देणारी शेजारीण गेली. तिथून पुण्यात काय काय आणता येतं? पितळेची भांडी येतात, देव येतात, आणि एक फांदी येते. भांडी तुमच्या माळ्यावर गेली असतील, देव तुमच्या देव्हाऱ्यात बसले असतील. फांदी तेवढी त्यांच्या ताब्यात होती.

म्हणून माफी मागायची. साधी, एका दमात. "आई, तुम्हाला न विचारता मी ती फांदी टाकली. माझं चुकलं." इथे पूर्णविराम. "पण तुम्हीही" नाही, "मला माहीतच नव्हतं" नाही, "तुमच्याच तब्येतीसाठी" तर अजिबात नाही. त्या लगेच विरघळतील अशी अपेक्षा ठेवू नका. कदाचित "असू दे" म्हणतील आणि पुन्हा जपमाळ हातात घेतील. त्या "असू दे"चा अर्थ लावत बसू नका. दुसऱ्या दिवशी चहा नेहमीसारखा द्या.

नणंदेला फोनवर सांगतात याचा राग येणं साहजिक आहे. तरी त्या कोर्टात तुम्ही स्वतःहून हजर होऊ नका. लेकीजवळ मन मोकळं करायचं नाही तर कुणाजवळ करायचं? नणंदेने तुम्हाला फोन करून जाब विचारला तर "हो, टाकली, चुकलं, माफी मागितली" एवढं सांगा. यावर पुढे भांडायला फारसं काही उरत नाही.

"टेरेस आमची आहे, हप्ते आम्ही भरतो" हे वाक्य घरात मोठ्याने म्हणालेलं नसाल अशी आशा आहे. म्हणाला नसाल तर कधीच म्हणू नका. ते खोटं आहे असं नाही. पण ते एकदा कानावर पडलं की बहात्तर वर्षांचं माणूस पाहुण्यासारखं राहायला लागतं. पाणी प्यायलाही विचारतं. मग तुम्हाला टेरेस मिळेल आणि सासूबाई पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसतील. त्या तिथून उठाव्यात म्हणून तर तुम्ही चार कुंड्या आणल्या होत्यात, आणि ते तुम्ही फार शहाणपणाचं काम केलं होतंत.

याचा अर्थ चाळीस कुंड्या तशाच राहू द्या असाही नाही. चाळीस जास्त आहेत. सासूबाईंनी हे वाचलं तरी मी हेच म्हणेन. फक्त नियम "मला नको" म्हणून येऊ नये. इमारतीला काय झेपतं, पाणी किती आहे, यावरून यावा. तो त्यांनाही पटेल. वाडीतल्या माणसाला पाण्याचं आणि ओझ्याचं गणित शिकवावं लागत नाही, ते गच्चीला कसं लागू होतं एवढंच दाखवावं लागतं.

तर ते गणित. ओली माती लिटरमागे साधारण पावणेदोन किलो भरते. नेहमीची सोळा लिटरची बादली मातीने भरून पाणी घातलं की अठ्ठावीस किलोच्या आसपास जाते. अशा चाळीस असतील तर टनाच्या वर ओझं झालं, आणि ते खालच्या काकांच्या बेडरूमवर चोवीस तास उभं आहे. उपाय सोपा आहे, फुकटही आहे. कुंडीचा खालचा अर्धा भाग वाळक्या पानांनी दाबून भरायचा आणि वर माती, शेणखत किंवा गांडूळखत. वजन जवळजवळ निम्म्यावर येतं, पाणी नीट झिरपतं, मुळांना हवा मिळते. पानं कुजून माती खाली बसते, तेव्हा वरून भर घालत राहायचं. माघ-फाल्गुनात पुण्यात पानांना तोटा नाही. देशी बदामाची लालभडक पानं रस्तोरस्ती पडलेली असतात, पिंपळ झडतो, पर्जन्यवृक्ष झडतो. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं तर त्या आनंदाने पोतं भरून देतील, त्यांचीही ती पानं जाळण्या-उचलण्याची कटकट वाचते. एका रविवारी सगळ्या कुंड्या उलट्या करायच्या भरीला पडू नका. मेलेली, मरायला टेकलेली झाडं जसजशी निघतील तसतशा भरा. जड कुंड्या टेरेसच्या मधोमध न ठेवता कडेने, भिंतीलगत वा खांबांजवळ सरकवा. मात्र भिंतीला चिकटवू नका, हातभर फट सोडा.

ओलीचं काम तुमच्या यजमानांचं. "तुम्ही दोघी बघा" म्हणणाऱ्याला बघण्यासारखं एक काम नेमून द्यायला हवं, आणि हे नेमकं तसं आहे. खालच्या काकांकडे त्यांनी स्वतः जायचं, ओल कुठे आहे ते बघायचं, मोबाइलवर फोटो काढायचा. ओल बाथरूमच्या भिंतीलगत असेल आणि बारा महिने सारखीच असेल तर कुंड्या निर्दोष असू शकतात, नळाची लाइन तपासावी लागेल. टेरेसच्या बरोबर खाली असेल तर आधी जाळी बघा. पानं, माती, कोकोपीट अडकून पाणी निघायची वाट बंद झालेली असते, आणि पाणी फरशीच्या सांध्यांतून आपला रस्ता शोधतं. जाळी साफ करा, तिच्या आसपास कुंडी ठेवू नका.

मग एक जुनी आणि खात्रीची चाचणी. टेरेसचं पाणी जाणारं भोक गोळा घालून बंद करायचं, दोन इंच पाणी साठवायचं, काठावर खडूने खूण करायची आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. उन्हाने थोडं आटेल, ते धरूनच चालायचं. त्याहून बरंच कमी झालं आणि खाली ओल वाढली, तर वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. त्यासाठी आधी त्या भागातल्या कुंड्या हलवाव्या लागतील, म्हणजे त्या निमित्ताने यजमानांना किती कुंड्या आहेत हेही हातांनी कळेल. खालच्या काकांना चाचणीची कल्पना आधी द्या, नाहीतर तिसऱ्या तक्रारीला तुम्हीच आमंत्रण दिल्यासारखं होईल. दुरुस्ती निघालीच तर ती पावसाळ्याच्या आत उरका. चैत्र-वैशाखात फरशी उखडून कोबा करता येतो, ज्येष्ठात मिस्त्रीही मिळत नाही आणि ऊनही.

चाचणीत पाणी टिकलं तरी कुंड्या जमिनीवर टेकवू नका. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर चढवा, म्हणजे खालची फरशी रोज वाळते आणि कुठल्या कुंडीतून पाणी वाहतंय ते दिसतं. खाली बशा ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा त्या पूर्ण रिकाम्या करून पुसा. डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात.

पाणी तीनदा घालणं हा मात्र नुसता बागेचा प्रश्न नाही. कोकणात उन्हाळाभर वाडीचं शिंपण असतं. सकाळ-संध्याकाळ माडा-पोफळीला पाणी लावायचं, त्यातच दिवस उगवतो आणि मावळतो. तो क्रम हातून काढून घेऊ नका, फक्त पाइप काढून घ्या. त्याच्या जागी दोन-अडीच लिटरची झारी द्या, मोठी नको, उचलताना पाठ धरेल. झारीने माणूस झाडाजवळ जातो, माती बघतो, जेवढं लागेल तेवढंच घालतो. तापत्या दिवसांत बारा इंची कुंडीला सकाळी लिटर-दीड लिटर, भोकातून पहिला थेंब टपकेपर्यंत, एवढं पुरतं. बोटाचं दुसरं पेर मातीत घालून बघायचं, ओलं लागलं तर त्या दिवशी सुट्टी. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पुन्हा थोडं लागेल. मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटं थर दिला की ओल टिकते. तांदूळ-डाळी धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि आधी ते वापरायचं. मार्च उजाडला की तुमच्या भागात टँकरची चर्चा सुरू होतेच, त्यामुळे हे सांगायला वेगळं निमित्त शोधावं लागणार नाही. आरओचं सोडलेलं पाणी मात्र रोजच्या रोज झाडांना घालू नका, क्षार मातीत साठतात. फरशी पुसायला ते उत्तम.

चिलटांचं थोडक्यात. ओल्या सालींच्या एका थरावर वाळक्या पानांचे दोन थर, दर वेळी. सालींचं तोंड कधी उघडं ठेवायचं नाही. बादलीला तळाशी आणि बाजूला भोकं, वर झाकण. शिजवलेलं अन्न, तेलकट, खरकटं काही टाकायचं नाही. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक शिंपडलं की काम लवकर सुरू होतं. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत मिळतं आणि त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. घाण वास येत असेल तर ओल जास्त झाली, पानं वाढवा. हे सासूबाईंना सांगताना "माझ्या एका वाचनात आलं" म्हणा, "त्या ताई म्हणतात" असं म्हणू नका. सल्ला विकत घेऊन आलेली सून कुणाला आवडते?

आता मोगरा, जो मला या सगळ्यात जास्त जवळचा आहे. वर्षभर फूल नाही म्हणजे बहुधा त्याला कात्री लागलेली नाही. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. जुन्या, लांबलचक, पानांनी भरलेल्या फांद्या नुसत्या वाढत राहतात. छाटणी माघातच व्हायला हवी होती, पण आत्ता केली तरी चालेल, फुलं थोडी उशिरा येतील इतकंच. आठवडाभर पाणी तोडा, पानं किंचित मलूल होऊ द्या. मग प्रत्येक फांदी वरून तिसरा हिस्सा छाटा, सुकलेल्या आणि आत घुसलेल्या काड्या बुंध्याशी काढा, उरलेली जुनी पानं हाताने ओरबाडा. झाड भुंडं दिसेल. दिसू द्या. वरची माती खुरप्याने हलवून दोन मुठी गांडूळखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड घाला, भरपूर पाणी द्या आणि कुंडी जिथे निदान पाच-सहा तास कडक ऊन येतं तिथे ठेवा. सावलीत ठेवलेला मोगरा पानंच देतो. सगळं जमलं तर वैशाखात परडीभर मिळतील.

ही छाटणी तुम्ही एकट्याने करू नका, त्यांना एकट्याला करू देऊ नका. कात्री त्यांच्या हातात, फांदी धरायला तुम्ही. चुकून तुम्ही काही म्हणालात की "एवढं कापायचं?" तर त्या उत्तर देतील. अबोला मोडायला मोगऱ्याची छाटणी हे समोरासमोर बसून केलेल्या चर्चेपेक्षा फार बरं साधन आहे. दोघींनाही डोळे झाडावर ठेवता येतात.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या मागे मुंग्या असतातच, कारण तो गोड चिकट पाझर सोडतो. किती प्रादुर्भाव झालाय बघा. दोन-चार शेंड्यांवर असेल तर ते शेंडे खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, सालींच्या बादलीत नको. जास्त असेल तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा (पाइप इथे एकदा वापरू द्या) आणि मग लिटरभर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब चांगले घुसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. आठ-आठ दिवसांनी तीन वेळा करावं लागेल. एका फवाऱ्यात तो जात नाही. दुकानातलं विषारी औषध आणू नका, जास्वंद रोज गणपतीला वाहिली जाते आणि शेजारीच तुमचा कढीपत्ता असणार.

कपड्यांची दोरी आणि वाळवण हा मात्र तुमचा हक्काचा भाग आहे, त्यावर माघार घेऊ नका. टेरेसचा एक तृतीयांश भाग मोकळा हवा, आणि तो कुठला हे ऊन ठरवेल. एखाद्या रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला बघा ऊन कुठे पडतं ते. जानेवारीत जिथे ऊन होतं तिथे आता ते असेलच असं नाही. सूर्य रोज डोक्याकडे सरकतोय, मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. दहावीच्या भूगोलाला कंटाळलेल्या लेकीला हे काम द्या, खडूने रेघा मारेल. सगळ्यात कडक ऊन मोगऱ्याला आणि वाळवणाला. कढीपत्ता, तुळस, भेंडी यांनाही ऊन हवंच, पण त्या कडेला उभ्या राहतील. अळू, ओवा भिंतीच्या सावलीत खुशाल जातील.

वाळवणात त्यांना ओढा. फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ यांत ज्यांचा जन्म गेला, त्या साबुदाण्याच्या पापड्या घालताना काठाशी उभ्या राहणार नाहीत. टेरेसवर चादर अंथरायला जागा नाही हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांना स्वतःला दिसलं तर दहा डबे त्याच हलवतील.

पहाटेच्या खडखडाटाचं तर त्यांना कुणी सांगितलंय का? तुम्ही सांगितलंत तर तक्रार होईल. नातीने "आजी, पेपर होईपर्यंत साडेसहानंतर घालशील का पाणी?" म्हटलं तर त्या पाय न वाजवता चालतील. मुलीला हे बोलायला सांगा, पण शब्द पढवू नका. परीक्षा संपली की एप्रिल-मे तिच्याकडे रिकामाच आहे. तेव्हा लाल माठ तिच्या हातून पेरवा, पंचवीस-तीस दिवसांत जुडी निघते, कंटाळायला वेळ मिळत नाही. भेंडी रात्रभर भिजवून लावली तर दीड महिन्यात ताटात येते. मेथीच्या नादी या उन्हात लागू नका. सासूबाईंनी लावलीच असेल तर मात्र उपटायला जाऊ नका, आता तुम्हाला कारण माहीत आहे.

राहता राहिले खालचे काका-काकू. चाचणीचा निकाल काहीही लागो, तो यजमानांनी खाली जाऊन सांगायचा आणि दुरुस्ती असेल तर तारीखही द्यायची. माठाची पहिली जुडी त्यांच्याकडे जरूर पाठवा. पण छताचं काम उरकल्यावर. आधी पाठवलीत तर ती लाच वाटेल, आणि काकू भाजी ठेवून घेऊन ओलीचं पुन्हा सांगतील.